मांडव उतरण्याआधी

ग्लासावर निळ्या फुलाची नक्षी होती. आई गेली त्या दिवशी आतलं पाणी पाकळ्यांना टेकलं होतं. आता ते देठाच्या मध्यावर आलं होतं. पातळी रोज सारखी उतरली नव्हती. डोंगरावरून वारा सुटला त्या दिवशी जरा जास्त, ढग खाली बसून राहिले त्या दिवशी अगदी किंचित. खिडकी पूर्वेची होती आणि सकाळचं ऊन थेट काचेवर यायचं. व्हेरोना पिनॉकला याहून जास्त स्पष्टीकरण नको होतं. किंग्स्टनमधल्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"काल बरीच तहान लागलेली दिसते तिला," दारातून आंट इमो म्हणाली. ती आईची, आयडाची, थोरली बहीण. गेलेल्यासाठी खोलीत पाणी ठेवायचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं.

"काल ऊन होतं, आंटी."

"तेच म्हणते मी. उन्हात तहान लागतेच."

व्हेरोना हसली. पिशवीची चेन ओढताना तिने शक्य तितका कमी आवाज केला. आंट इमोने पिशवीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, आणि कधी निघणार, कशाने जाणार, यातलं काहीच विचारलं नाही. ते विचारायचं नसतं.

एरवी या डोंगरातल्या गावात, स्प्रिंग गॅपमध्ये, माणसं निरोप देण्यात कंजुषी करत नाहीत. 'गुडबाय' कोणी म्हणत नाही. तो शाळेच्या पुस्तकातला शब्द. 'वॉक गुड' म्हणतात, नीट जा. 'सून कम' म्हणतात, आलोच, मग तो माणूस वर्षभर उगवला नाही तरी. आणि सगळ्यात जास्त म्हणतात 'लिक्ल मोर': अजून थोडं आहे, उरलेलं पुढच्या भेटीत. दुकानातून निघताना, चर्चच्या पायरीवर, फोन ठेवताना, कडाक्याचं भांडण झाल्यावरसुद्धा. पण ज्या घरात माणूस गेलं त्याच्या अंगणात मांडव उभा आहे तोवर यातला एकही शब्द तोंडातून काढायचा नाही. गेलेलं माणूस अजून आसपासच असतं, कुठे जायचं ते त्याला नीट उमगलेलं नसतं. निरोपाचा शब्द कानावर पडला की त्याला वाटतं आपल्यालाच चला म्हणाले, आणि ते बोलणाऱ्याच्या मागोमाग निघतं. म्हणून मयताच्या अंगणातून निघणारा जवळच्यांच्या खांद्याला बोटं टेकवतो आणि मागे न बघता फाटकाबाहेर पडतो. मांडवाचा शेवटचा बांबू खाली आला की मग बोलायला सगळे मोकळे.

दफन काल झालं होतं. मांडव आज संध्याकाळी उतरणार होता. आज रविवार, किंग्स्टनला जाणारी एक मिनीबस दुपारी उशिरा होती आणि एक दिवेलागणीला. व्हेरोनाने दुपारची धरायचं ठरवलं होतं. सोमवारी सकाळी धरणांवरून नमुने येतात, असं तिने स्वतःला सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. पण दिवेलागणीची बस धरूनही तिला ते नमुने वेळेवर हातात घेता आले असते. दुपारच्या बसचा फायदा एवढाच होता की तेव्हा मांडव उभा असेल. ऑथ्नीलच्या खांद्याला बोटं टेकवून, काही न बोलता, जाता येईल. कुणी नावं ठेवणार नाही. उलट रीत पाळली म्हणतील.

आपण हे एवढं काटेकोरपणे ठरवलं, याची तिला पिशवी उचलताना लाज वाटली. पण तिने ती उचलली.

ऑथ्नील बाहेर शिडीवर होता. कोपऱ्यातल्या बांबूला बांधलेली निळी ताडपत्री सोडवत होता. खाली, अजून सावली होती तिथे, चार जण डॉमिनो खेळत बसले होते. चुलीवर बोकडाच्या मुंडीचं सूप तिसऱ्यांदा गरम होत होतं.

"जावई, दोरी कापू नकोस, सोडव! चांगली दोरी आहे," मास क्लिफी टेबलावरून ओरडला. हा शेजारचा म्हातारा. सकाळपासून त्याने हाताने एकही काम केलं नव्हतं आणि तोंडाने सगळी केली होती.

"कापत नाहीये, मास क्लिफी. गाठ तुम्ही मारली होती, म्हणून सुटत नाहीये."

"माझी सुटत नाही आणि तुझी बसत नाही!"

टेबल हसलं. कुणीतरी सोंगटी आपटली. ऑथ्नीलही हसला, दोरीचं टोक दातात धरून. व्हेरोना ओसरीच्या खांबाआड जरा वेळ थांबली.

जावई. हे नाव त्याला कुणी ठरवून दिलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी वादळात आईच्या घराचं अर्धं छप्पर उडालं, तेव्हा ते त्याने परत बसवलं. शाळेत तो व्हेरोनाच्या एक वर्ग पुढे होता. बायको वारल्यापासून एकटाच राहायचा, स्वतःची थोडी कॉफी पिकवायचा आणि गावातली सुतारकामं करायचा. छप्पर झाल्यावर एका दुपारी, कॉफी वाळवायच्या सिमेंटच्या ओट्यावर बिया उलटत असताना, त्याने तिला विचारलं होतं, "येशील का इकडे राहायला? माझ्याबरोबर?" विचारून तो परत बिया उलटायला लागला होता, म्हणजे तिला त्याच्या तोंडाकडे बघावं लागू नये. तिने म्हटलं होतं, "आईचं जरा मार्गी लागू दे. मग बघू. लिक्ल मोर, ऑथ्नील."

त्याने मान हलवली होती. त्यानंतर त्याने पुन्हा विचारलं नाही.

पण आईला खाली बफ बे गावातल्या दवाखान्यात तोच न्यायचा. गॅसचं सिलिंडर तोच खांद्यावरून वर आणायचा. आईचे पाय सुजले तेव्हा पलंगाखाली विटा लावून पायथा उंच केला तो त्यानेच, आणि किती उंच करायचा हे विचारायला त्याने व्हेरोनाला प्रयोगशाळेत फोन केला होता. व्हेरोना महिन्यातून एकदा यायची. येताना त्याच्यासाठी काहीतरी आणायची: कामाचे हातमोजे, एकदा वाचायचा चष्मा. तो चष्मा तो चर्चला घालून जायचा. लोकांनी मग जे समजायचं ते समजलं आणि जावई म्हणायला लागले. तिने कुणाला दुरुस्त केलं नाही.

मग त्याने स्वतःच्या घराला एक खोली वाढवली. खिडकीखाली देवदाराची लांब फळी बसवली होती आणि फळीच्या पुढच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी. "तुझ्या नमुन्यांच्या बाटल्यांसाठी," तो म्हणाला होता. "जमीन हलली तरी पडायच्या नाहीत." व्हेरोनाने त्या पट्टीवरून बोट फिरवलं होतं. कुठे कुसळ नव्हतं. फळी अगदी पाण्यासारखी समपातळीत होती. आणि तिथे उभं असतानाच तिला कळलं होतं की आपण इथे कधीही राहणार नाही. त्यात ऑथ्नीलचा काही दोष नव्हता. तिला किंग्स्टनमधली तिची दुसऱ्या मजल्यावरची खोली आवडत होती. शनिवारी दार लावून घेतलं की कुणी हाक मारत नाही, हे आवडत होतं. आपली कुणी वाट बघावी असं तिला वाटत नव्हतं. त्याचीच काय, कुणाचीच. असा काही निष्कर्ष हाती आला की प्रयोगशाळेत ती तो त्याच दिवशी लिहून, सही करून, पुढे पाठवायची. इथे ती म्हणाली होती, "छान झालीय खोली," आणि फाटकाशी येऊन, "लिक्ल मोर."

त्या वेळी नाही म्हटलं असतं तर आईला दवाखान्यात कुणी नेलं असतं? हा प्रश्न तिने स्वतःला कधी इतक्या उघड शब्दांत विचारला नव्हता. विचारला नव्हता म्हणूनच उत्तर उपयोगी पडत राहिलं.

आईने मात्र विचारलं. जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी, फोनवर, धाप लागत लागत. "त्याला सीडर व्हॅलीला बोलावतायत. कॉफीच्या रोपवाटिकेवर मुख्य म्हणून. राहायला घर देतायत. दोनदा थांबा म्हणून सांगितलं त्याने त्यांना. कुणासाठी थांबलाय, ठाऊक आहे ना?"

"आई, तू आधी बरी हो."

"त्याला हो म्हण असं मी म्हणत नाही. तुझं नाही आहे, मला कधीचं माहितीय. पण ते म्हण तरी. माणूस म्हणजे काय नळ आहे, लागला की सोडला आणि नको तेव्हा बंद केला? माझ्या औषधांसाठी तू त्याला धरून ठेवलंस, व्हेरोना. मला त्याच्या हातचं पाणी प्यायची लाज वाटते आता."

"आपण बोलू यावर, आई," व्हेरोना म्हणाली होती. समोर काचेच्या नळ्या रांगेत उभ्या होत्या आणि तिला ते बोलणं संपवायचं होतं. "मी येतेच आहे शनिवारी. लिक्ल मोर."

शनिवार यायच्या आत आई गेली.

व्हेरोना ओसरीवरून खाली उतरली. आंट इमो चुलीपाशी जाऊन बसली होती. व्हेरोनाने तिच्या खांद्याला बोटं टेकवली. आंट इमोने मान वर केली नाही, फक्त डाव्या हाताने व्हेरोनाच्या मनगटाला क्षणभर धरलं आणि सोडलं. मग डॉमिनोचं टेबल. मास क्लिफीचा खांदा हडकुळा, शर्टाच्या आत खुंटीसारखा. त्याने हातातली सोंगटी किंचित उंचावली, कळलं म्हणून. बाकीच्या तिघांनीही खांदे जरासे पुढे केले. सगळं रीतीने होत होतं.

राहिला ऑथ्नील.

तो शिडीच्या वरच्या पायरीवर होता. दोन्ही हात वर, ताडपत्रीत गुंतलेले. व्हेरोनाने शिडीपाशी येऊन हात वर केला आणि तिच्या लक्षात आलं की खांदा दूरच राहिला, कंबरेपर्यंतही हात पोचत नाही. समोर होते ते त्याचे बूट आणि पँटच्या काठाखाली घोट्याची उघडी त्वचा, चुन्याने पांढरी झालेली. घोट्याला हात लावायचा? सगळ्या अंगणासमोर? तिचा हात तिथे जाऊन मध्येच थांबला. वरून ऑथ्नीलने खाली पाहिलं. दातात दोरी होती. त्याने डोळ्यांनीच विचारलं, काय?

आणि इतक्या वर्षांच्या रविवारी दुपारी जे होत आलं तेच झालं. तिचं तोंड आपोआप उघडलं.

"लिक्ल मोर, ऑथ्नील."

टेबलावर सोंगटी पडायची थांबली. चुलीत लाकूड तडतडलं तेवढं सगळ्यांना ऐकू आलं. ऑथ्नीलच्या दातातून दोरी सुटली आणि ताडपत्रीचा कोपरा फडाफडा खाली लोंबला.

"काय म्हणालीस?" आंट इमो हळूहळू उठून उभी राहिली.

"काही नाही, आंटी."

"म्हणाली," मास क्लिफी म्हणाला. "मी ऐकलं. माझा एक कान गेलाय, तरी मी ऐकलं. म्हणजे आयडाने तर नक्कीच ऐकलं असणार."

"सवयीने निघालं तोंडातून."

"आता आयडा टोपी घालून तयार," मास क्लिफीने इतरांना सांगितलं. "जिवंतपणी किंग्स्टनला जायची तिची तयारी नव्हती. आता फुकटात जाईल."

"क्लिफी, गप बस. नाहीतर तुझ्याबरोबर पाठवते तिला." आंट इमोने ओट्याजवळची खुर्ची ओढली. "बस इथे. आधी बस."

"आंटी, बस चुकेल माझी."

"चुकू दे. एवढी शिकलीस आणि मयताच्या अंगणात तोंडावर ताबा नाही? त्या परक्या गावचा पाद्रीसुद्धा काल खांद्याला हात लावून गेला. तुझा जन्म इथला!"

व्हेरोना खुर्चीवर बसली. वय एक्कावन्न, मांडीवर पिशवी, आणि समोर उभे राहून बघणारे लोक. कान तापले होते. तिचा भुतांवर विश्वास नव्हता. तिला ग्लासातल्या पाण्याचा हिशेब माहीत होता. पण लाज वाटायला भूत असावं लागत नाही. ते दोन शब्द आपण कशासाठी वापरत आलो हे आज सगळ्यांसमोर मोठ्याने ऐकू आलं, असं तिला वाटत होतं, जणू अंगणातल्या प्रत्येकाला त्यांचा खरा अर्थ कळला असेल. ऑथ्नील शिडीवरच होता. कुठे बघावं हे न कळल्यासारखा तो लोंबणाऱ्या ताडपत्रीकडे बघत होता.

आंट इमो खोलीतून निळ्या फुलाचा ग्लास घेऊन आली. दोन्ही हातांनी धरून. तिने व्हेरोनाला उठवलं, फाटकापर्यंत नेलं, आणि उरलेलं पाणी फाटकाच्या रेषेवर आडवं ओतलं. कोरड्या मातीने ते लगेच पिऊन टाकलं.

"ती शेवटी तुझ्याशी फोनवर बोलली ना," आंट इमो ग्लास झटकत, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "तेव्हा तो फोन मी धरला होता तिच्या कानाला. तिचा हात थरथरत होता म्हणून."

व्हेरोनाने ओल्या मातीवरून पाय मागे घेतला.

"तुझंही ऐकलं मी. तू काय म्हणून फोन ठेवलास तेही."

मग तिने आवाज चढवला. "ऑथ्नील! उतर खाली. ज्याला ती म्हणाली त्यानेच तिला घेऊन जायचं असतं. पुलापलीकडे सोड तिला. वाहतं पाणी ओलांडून आयडा जायची नाही."

"आंटी, त्याला काम आहे. मी जाते एकटी."

"एकटी कुठली? ती असेल ना मागे." आंट इमोने ग्लास झग्याला पुसला. "आणि ऐक. पलीकडे गेल्यावर खांद्याला हात लावायचा आणि वळायचं. तो इकडे, तू तिकडे. वाटेत काय बोलायचं ते बोला, पण पुलावर असलं निरोपाचं काही तोंडातून काढशील तर परत यावं लागेल."

"जा रे जावई," मास क्लिफी म्हणाला. "मांडव मी बघतो."

"तुम्ही फक्त बघा," ऑथ्नील म्हणाला. "हात लावू नका." त्याने हात पँटला पुसले आणि व्हेरोनाच्या हातातून पिशवी घेतली.

वाट उताराची होती. दोन्ही बाजूंना कॉफीची झुडपं, मध्येच एखादा नीरफणस, त्याची मोठाली पानं वाटेवर वाळून पडलेली. ऑथ्नील पुढे चालत होता, पानं पायाने बाजूला सारत, तिला घसरायला होऊ नये म्हणून. हे तो न बोलता करायचा. असल्या कितीतरी गोष्टी तो न बोलता करायचा आणि तिने त्या न बोलता घेतल्या होत्या.

"वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. "माझ्या आजोबांच्या वेळी मी चक्क 'गुड नाइट' म्हणालो होतो. सात वर्षांचा होतो. आईने मला उचलून नदीत उभं केलं."

"मग? आले आजोबा मागे?"

"सर्दी आली." तो हसला. "तू वर पोचलीच नाहीस माझ्यापर्यंत. मीच उतरायला हवं होतं. तू निघणार हे दिसत होतं मला."

"दिसत होतं?"

"पिशवी घेऊन खांबामागे उभी होतीस ना. मला वाटलं दिवेलागणीच्या बसने जाशील. मांडव उतरल्यावर." जरा थांबून तो म्हणाला, "पण तुझे नमुने असतात सोमवारी."

नमुन्यांचं तिने त्याला कधीतरी सांगितलं असणार. त्याने ते लक्षात ठेवलं होतं आणि आता तिच्या वतीने तिची सबब तोच सांगत होता. व्हेरोना पायाखालच्या दगडांकडे बघत चालत राहिली.

"सोमवारी मलाही कळवायचंय," तो म्हणाला. "सीडर व्हॅलीला. आता तिसऱ्यांदा थांबायला तयार नाहीत ते. बरोबर आहे त्यांचं, रोपं थोडीच थांबतात."

"काय कळवणार आहेस?"

"नाही म्हणून सांगतो." त्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तिकडचं घर बरं आहे तसं. मी बघून आलो. पाणी चांगलं आहे, झऱ्याचं, तुला आवडलं असतं. पण खोली इथे बांधून झालीय. फळी आहे. आणि आता तुझी आईही सुटली बिचारी, म्हणजे तुला..." तो थांबला. "मी विचारत नाहीये हं. आज तर नाहीच. सावकाश."

मी विचारत नाहीये. गेली इतकी वर्षं त्याने तिला हे देऊ केलं होतं, आणि ती त्यावर जगली होती. विचारलं की उत्तर द्यावं लागेल, म्हणून तो विचारायचा नाही. आणि तो विचारत नाही, म्हणून तिला सांगावं लागायचं नाही. तिला वाटलं, त्यालाही कुठेतरी माहीत असेल. पण लगेच तिने तो विचार खोडून टाकला. 'त्याला माहीत असेल' हीसुद्धा तिला हवी असलेली आणखी एक सोय होती. ज्याला माहीत असतं तो माणूस फळीला पट्टी लावत नाही.

आता तिच्याकडे आईची सबबही उरली नव्हती. आई गेली. आज नाही म्हटलं तर त्याला दिसेल, गरज संपली आणि उत्तर आलं. आणि त्याला जे दिसेल ते खरंच असेल. गेले नऊ-दहा दिवस ती त्याचमुळे गप्प होती: नाही म्हणायची तिला भीती नव्हती, नाही म्हणणारी बाई कशी दिसेल त्याची होती.

पूल लोखंडी होता, वर लाकडी फळ्या. वरच्या अंगाला पाऊस झाला नव्हता. ओढा तळाचे गोटे दिसतील इतका स्वच्छ होता. पलीकडे, वळणावर, रस्ता रुंद व्हायचा आणि मिनीबस तिथे उभी राहायची. ती अजून आली नव्हती. पूल ओलांडताना दोघंही बोलले नाहीत. ऑथ्नीलने एकदा मागे वळून मोकळ्या वाटेकडे पाहिलं, आणि मग आपण मागे पाहिलं हे लक्षात येऊन ओशाळला.

"आली नाही कोणी," तो म्हणाला.

पलीकडे पोचल्यावर त्याने पिशवी दगडावर ठेवली, मातीवर नाही. खिशातून कागदात गुंडाळलेला तळलेला मासा आणि पावाचा तुकडा काढून पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात घातला. मग तो तिच्यासमोर उभा राहिला. ती बुटकी होती. त्याने डावा खांदा किंचित खाली केला, तिचा हात पोचावा म्हणून. शर्टाच्या शिवणीत लाकडाचा भुसा अडकला होता. तो ओढ्याकडे बघत थांबला.

व्हेरोनाने हात उचलला.

बोटं टेकवली की झालं. तो वळेल आणि मागे न बघता पूल ओलांडून जाईल, कारण रीतच तशी आहे. मांडव उतरवेल. सोमवारी सीडर व्हॅलीला नाही म्हणेल. पुढच्या महिन्यात ती येईल, आईच्या कबरीवर फुलं ठेवायला, आणि तो ओट्यावर बिया उलटत असेल, आणि विचारणार नाही.

खालच्या वळणावरून भोंगा ऐकू आला.

तिने हात खाली घेतला. ऑथ्नील तसाच, खांदा खाली करून, वाट बघत होता. मग त्याने मान वळवली.

"काय झालं?"

"सोमवारी त्यांना हो म्हणून सांग."

"कुणाला?"

"सीडर व्हॅलीला."

त्याचा चेहरा आधी उजळला. तिने ते पाहिलं, आणि त्या क्षणी तिला स्वतःचा जेवढा तिटकारा आला तेवढा कधीच आला नव्हता. त्याला वाटलं होतं ती तिकडे येणार म्हणतेय. "म्हणजे तू तिकडे..." तो म्हणाला. "इथली फळी काढून नेता येईल. चार स्क्रू आहेत फक्त."

मिनीबस वळणावर आली आणि थांबली. आतून कुणीतरी ओरडलं, बाई, येणार का? जिभेवर ते दोन शब्द आले होते, रोजच्यासारखे गुळगुळीत, कुणालाही न टोचणारे. व्हेरोनाने ते गिळले. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, कारण निदान तेवढं तरी करायला हवं होतं.

"मी येणार नाही, ऑथ्नील," ती म्हणाली. "इथेही नाही, तिथेही नाही. मला तुझ्याशी लग्न करायचं नाहीये. ती फळी पाहिली त्या दिवसापासून मला हे माहीत आहे, आणि आईला बघणारं कुणीतरी हवं होतं म्हणून मी बोलले नाही. आज नाही. आणि नंतरही नाही."